संघातली जागा आणि शिष्यवृत्तीचा शब्द

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा या गावी कापसाचा हंगाम सुरू झाला की व्यापाऱ्याच्या नीतीची परीक्षा काट्यापाशी होते. शेतकऱ्याची गाडी उभी राहते. व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, धागा ओढून पाहतो, ओलावा अजमावतो आणि भाव सांगतो. शेतकऱ्याने मान डोलावली की सौदा झाला. माल उतरल्यावर बाजार घसरला तर तो तोटा व्यापाऱ्याचा. कारण माल पाहून, पारखून, भाव त्यानेच स्वतःच्या तोंडाने सांगितलेला असतो. उतरलेल्या मालावर मागाहून कडता लावणाऱ्याला त्या दिवशी चार पैसे अधिक मिळतात. पण पुढच्या हंगामात त्याच्या दारासमोर गाडी थांबत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालविणाऱ्या घरांत हा धडा कोणी पुस्तकातून देत नाही. तो गादीवर बसता बसता अंगी येतो.

हाच धडा दुसऱ्या एका काट्यालाही लावून पाहण्याजोगा आहे. त्या काट्यावर कापूस नव्हे, मुले चढतात. खेळातील नैपुण्य पाहून ज्या मुलामुलींना संस्थेने शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि शिक्षण देऊन आपल्याकडे घेतले, त्यांना वर्षा-दोन वर्षांनी प्रशिक्षकाने संघातून वगळावे आणि संघातल्या जागेबरोबर शिष्यवृत्तीही जावी, हे न्याय्य आहे काय, असा तो प्रश्न आहे. वरवर पाहता तो क्रीडांगणाचा प्रश्न वाटतो. वास्तविक तो दिलेल्या शब्दाचा प्रश्न आहे.

गाव सोडताना

समजा, सोनाळ्यातील तेरा वर्षांची एक मुलगी उत्तम धावते. वडिलांची थोडीशी कोरडवाहू शेती. घरचा किराणा गावातल्याच एका दुकानातून उधारीवर येतो आणि सुगीला चुकता होतो. शाळेतील शिक्षक तिला तालुक्याला नेतात, तेथून ती जिल्ह्याला जाते, आणि एके दिवशी निवासी क्रीडासंस्थेच्या निवडचाचणीत तिचे नाव लागते. बाहेरगावी जाण्यासाठी पेटी, गादी आणि धावण्याचे बूट लागतात. दुकानदार तिच्या वडिलांच्या खात्यावर आणखी काही रक्कम लिहून घेतो आणि मुलगी नाव काढील, असे मनापासून म्हणतो. मुलगी गावची शाळा सोडते. आई डोळे पुसते. घरातले कामाचे दोन हात कमी होतात, ते कोणी हिशेबात धरीत नाही.

अशा निवडीची यंत्रणा आज आपल्याकडे पुष्कळ विस्तारली आहे. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. बुलढाणा जिल्ह्याशेजारच्या अकोल्याची प्रबोधिनी मुष्टियुद्धासाठी ओळखली जाते. लहान वयाच्या मुलांची उंची आणि वजन मोजून, त्यांच्या धावण्याच्या, उडीच्या व चेंडूफेकीच्या चाचण्या घेऊन तेथे निवड होते. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रे आहेत. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नव्या स्वरूपात मंजूर केलेल्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ५ लाख रुपये, असे ८ वर्षे देण्याची तरतूद ठेवण्यात आली. त्यांपैकी महिना १० हजार रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार, खेळाडूच्या हाती किरकोळ खर्चासाठी पडावेत आणि उरलेली रक्कम प्रशिक्षण, आहार, साहित्य, निवास व शिक्षण यांवर खर्च व्हावी, अशी ती रचना होती. शेतमजुराच्या घरात आठ वर्षे हा आकडा केवढा मोठा वाटतो, हे सांगायला नको.

परंतु या साऱ्या व्यवस्थांत एक अट असते. खेळाडूच्या प्रगतीचे ठरावीक काळाने मूल्यमापन होते आणि जो मागे पडला त्याला कमी केले जाते. क्रीडाप्रशासनाच्या भाषेत या क्रियेला निंदणीचा शब्द वापरतात. शेतातले तण उपटावे तसे कमी पडलेले मूल उपटायचे! शब्द कोणी योजला असेल तो असो. ज्याने एकदा तरी शेतात निंदण केले आहे त्याला ठाऊक असते, की तण हे आपण पेरलेले नसते. ही मुले मात्र निवडून, बोलावून, हाताने लावलेली असतात.

आता त्या मुलीकडे पुन्हा पाहू. तिचे सोळावे वर्ष चालू आहे. सरावात गुडघा मुरगळतो, आतला स्नायुबंध फाटतो. शस्त्रक्रिया, विश्रांती आणि पुनर्व्यायाम यांत अशा दुखापतीचे बरेच महिने जातात, पुष्कळदा वर्ष उलटते. मधल्या काळात मूल्यमापनाची तारीख येते. वेळ अर्थातच घसरलेली असते. उन्हाळ्याच्या सुटीत एक पत्र येते, किंवा तेही येत नाही. सुटीनंतर येऊ नकोस, असा निरोप येतो. त्या एका निरोपासरशी संघातली जागा, वसतिगृहातली खाट, दोन वेळचे पौष्टिक जेवण, शहरातली शाळा आणि उपचाराची सोय, एवढे सारे एकदम जाते. दहावी-बारावीला खेळाडू म्हणून मिळू शकणारे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण हीदेखील दूर सरतात. गावी परतल्यावर ‘काय झाले’ याचे उत्तर प्रत्येकाला द्यावे लागते. आणि मुलगी सोळा वर्षांची, घरी बसलेली, गुडघ्याने अधू; अशा घरात पुढची बोलणी कशाची सुरू होतात, हे गावाकडच्या कोणालाही विचारावे.

ही मुलगी कल्पित आहे. तिच्या वाटेवरचे वळण मात्र कल्पित नाही.

प्रशिक्षकाची बाजू

प्रशिक्षकाची बाजू दुबळी आहे, असे समजण्याचे कारण नाही. वसतिगृहात खाटा मोजक्या असतात. एक खाट अडली की दाराबाहेर दुसरे एक मूल उभे राहते. ते कदाचित जळगाव जामोदचे असेल, कदाचित तेल्हाऱ्याचे. त्याचाही हक्क तेवढाच. सराव सोडून दिलेल्या खेळाडूला केवळ एकदा निवडला म्हणून वर्षानुवर्षे पोसायचे, तर त्या दुसऱ्या मुलावर अन्याय होतो. शिवाय संघ निवडणे हे जाणकाराचे काम आहे. आज कोण अधिक वेगाने धावतो, कोणाची पकड मजबूत आहे, हे मतदानाने ठरत नाही, आणि पालकांच्या ओळखीने तर मुळीच ठरू नये. न्यायालयेही या प्रांतात सहसा पाऊल टाकीत नाहीत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी ७४ किलो गटात महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांची निवड झाली, तेव्हा सुशीलकुमार यांनी निवडचाचणीची मागणी घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. ती याचिका ६ जून २०१६ रोजी फेटाळली गेली; निवडीचा निर्णय महासंघाचा, तो मनमानी नसेल तर न्यायालयाने त्यात पडू नये, हे त्यामागील सूत्र होते.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षकाच्या बाजूने मान्य करावी लागेल. खोटे जन्मदाखले देऊन मोठ्या वयाची मुले लहान गटात खेळविण्याचा रोग आपल्याकडे इतका बळावला, की केंद्र सरकारला २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणावी लागली. कोणी दाखला खोटा दिला, कोणी उत्तेजक द्रव्य घेतले, कोणी वसतिगृहात लहान मुलांना छळले, तर त्याची जागाही जावी आणि शिष्यवृत्तीही जावी. गाठोड्याच्या वर चांगला कापूस आणि आत ओली सरकी निघाली, तर व्यापाऱ्याने सौदा मोडला म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. नमुनाच खोटा होता.

जोखीम कोणाची?

म्हणजे वगळणे हा एकच शब्द असला तरी त्यात तीन निरनिराळे व्यवहार मिसळलेले आहेत. पहिला, खेळाडूनेच लबाडी केली. दुसरा, खेळाडूने प्रामाणिकपणे श्रम केले, पण अपेक्षित उंची गाठली नाही. तिसरा, खेळाडूचा काहीच दोष नसताना परिस्थिती पालटली. दुखापत झाली, निवड करणारा प्रशिक्षक बदलून गेला, नव्याला वेगळ्या बांध्याची मुले हवी झाली, किंवा संस्थेने तो खेळच बंद केला.

पहिल्यात सौदा मोडणे योग्य. दुसऱ्यात संघातली जागा जाऊ शकते. तेथे गुणवत्तेलाच मान हवा. परंतु चालू असलेले शिक्षण मध्येच तोडण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. पारख संस्थेने केली होती. ती चुकली असेल तर चुकीची किंमत सगळीच्या सगळी मुलाने का मोजावी? आणि तिसऱ्यात तर जोखीम उघडउघड संस्थेची आहे. कोवळ्या शरीराकडून रोज कठोर श्रम करून घेतले, तर त्यांपैकी काही शरीरे दुखावणार, हे संस्थेला पहिल्या दिवसापासून माहीत असते. जी जोखीम आधीच दिसत होती, ती घेणाऱ्याने घ्यावी, देणाऱ्यावर ढकलू नये, हा बाजाराचा साधा नियम आहे.

व्यापारी घराण्यांच्या परंपरेला हा विचार परका नाही. श्रावकाच्या अचौर्यव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान सांगितले आहे. घेताना एक माप आणि देताना दुसरे, ही चोरीच. मुलाला घेताना ‘याच्यात भविष्य आहे’ हे माप लावायचे आणि काढताना ‘याची आजची वेळ काय’ एवढेच माप लावायचे, हे त्याहून वेगळे नाही. अहिंसाव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन शेजारी शेजारी येतात. आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवावर झेपणार नाही एवढा भार घालणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. बैलाच्या बाबतीत जे दोष म्हणून शिकविले गेले, ते वसतिगृहातल्या मुलाच्या बाबतीत क्षम्य कसे ठरावे?

अमेरिकेतील अनुभव

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा हिशेब अमेरिकेतील महाविद्यालयांत मांडला गेला आहे. तेथे खेळाच्या जोरावर पदवीचा सारा खर्च भागविणारे हजारो विद्यार्थी असतात. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने १९७३ मध्ये ठरविले, की खेळाडूला शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षासाठी द्यावी आणि दरवर्षी तिचे नूतनीकरण व्हावे. चालू वर्षात खेळ खालावला म्हणून पैसे थांबवता येत नसत. पण वर्ष संपल्यावर नूतनीकरण न करणे हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर राहिले. नियमाचे अक्षर पाळून शब्द मोडण्याची सोय झाली.

जोसेफ ॲग्न्यू या खेळाडूचे उदाहरण यासाठी बोलके आहे. ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठात तो अमेरिकन फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर दाखल झाला. त्याला निवडणारा प्रशिक्षक निघून गेला, पुढे दुखापती झाल्या आणि शिष्यवृत्ती नूतनीकरणाविना राहिली. विद्यापीठांतर्गत दाद मागून त्याने तिसऱ्या वर्षाची मदत परत मिळविली. शेवटच्या वर्षाचा खर्च मात्र त्यालाच उचलावा लागला. २०१० मध्ये त्याने एकवर्षीय शिष्यवृत्तीच्या नियमालाच न्यायालयात आव्हान दिले. दावा स्पर्धाकायद्याखाली होता. त्या कायद्याला लागणारी ‘बाजारपेठ’ नीट मांडली गेली नाही, म्हणून २०१२ मध्ये अपील न्यायालयानेही तो स्वीकारला नाही. खटला हरला, पण प्रश्न चव्हाट्यावर आला होता. २०१२ पासून एकाहून अधिक वर्षांची शिष्यवृत्ती देण्यास पुन्हा मुभा मिळाली आणि जानेवारी २०१५ मध्ये तेथील पाच मोठ्या क्रीडासमूहांनी ठराव केला, की केवळ खेळातील कामगिरीच्या कारणाने शिष्यवृत्तीचे नूतनीकरण नाकारता येणार नाही. प्रशिक्षकाने वाटल्यास खेळवू नये. शिकू मात्र द्यावे.

हा प्रश्न तेथेही कायमचा मिटलेला नाही. खेळाडूंना विद्यापीठांनी थेट मोबदला देण्यासंबंधीचा मोठा समझोता ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केला. त्यात प्रत्येक खेळाच्या संघात किती खेळाडू असावेत याची कमाल मर्यादा घातली गेली. फुटबॉलसाठी ती १०५ आहे. मर्यादा येणार हे दिसताच कित्येक विद्यापीठांनी मान्यतेआधीच मुलांना कमी करण्यास सुरुवात केली. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एप्रिलमध्ये समझोता अडवून धरला आणि अशा रीतीने जागा गमावलेल्यांचा विचार झाल्याखेरीज मान्यता देण्यास नकार दिला. अखेर या मुलांना मर्यादेत न मोजता परत घेण्याची मुभा संस्थांना मिळाली. ती मुभाच आहे, सक्ती नव्हे. तरीही मुलांचा दोष नसताना झालेले नुकसान कोणीतरी मोजले पाहिजे, हे तत्त्व न्यायासनावरून बोलले गेले.

एका गुणाची कथा

परदेशाचा दाखला देताना आपल्या घरचा दाखला विसरू नये. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र त्यांना एका गुणाने मागे ठेवण्यात आले आणि त्यांचे नाव संघातून गळले. हा गुण हेतुपुरस्सर कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षपद तेव्हा महाराजांकडे होते. महाराजांनी त्यांना पुन्हा कुस्ती लढण्याची संधी दिली, त्या फेरलढतीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि संघात स्थान मिळविले.

पुढे प्रवासखर्चाचा प्रश्न आला. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने जपली आहे. हेलसिंकीला खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या कथेत दोन महाविद्यालयीन पिढ्यांना पुरतील एवढे धडे आहेत. फेरचाचणीची सोय नसती, तर हे पदक एका गुणाच्या खाली कायमचे गाडले गेले असते. आणि दुसरा धडा हेलसिंकीच्या आखाड्यातलाच आहे. जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांत निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण तो नियम पुढे करण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. नियम कागदावर असून भागत नाही. दुबळ्याच्या बाजूने तो उच्चारणारे कोणीतरी आखाड्याशेजारी उभे असावे लागते.

लहान वयात घेतलेले माप किती अपुरे असते, याचा दाखला तर अगदी अलीकडचा आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे हे शेतकरी कुटुंबातले. बारावीनंतर ते सैन्यात भरती झाले, सियाचीनसारख्या ठिकाणी नोकरी केली आणि २०१५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, सैन्यातील क्रॉस-कंट्री शर्यतीतून धावपटू म्हणून पुढे आले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक जिंकले. सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. सोळाव्या वर्षाच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात असा माणूस कोणत्या रकान्यात बसला असता?

दोन खाती वेगळी

या सर्वांतून निघणारे सूत्र पेढीवरच्या माणसाला चटकन समजेल असे आहे. संघातली जागा आणि शिष्यवृत्ती ही दोन वेगळी खाती आहेत. ती एका पानावर लिहू नयेत आणि एका हातात ठेवू नयेत. संघातली जागा हे रोजचे खाते. आजचा भाव, आजची वेळ, आजचा जोर यांवर ते चालावे आणि प्रशिक्षकाने निर्भयपणे चालवावे. शिष्यवृत्ती ही ठेव आहे. मुलाने आपली शाळा, आपले गाव आणि वाढीची वर्षे संस्थेकडे ठेवली. संस्थेने त्याबदल्यात शिक्षण देण्याचे कबूल केले. ठेव मुदतीपूर्वी बुडवणाऱ्या पेढीला बाजारात एकच नाव आहे.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. जुनी मुले ठेवली तर नव्यांना पैसा कोठून आणायचा? उत्तर कठीण आहे, पण ते आहे. प्रवासाचा, साहित्याचा आणि विशेष प्रशिक्षणाचा खर्च संघाबरोबर थांबू शकतो. चालू राहायला हवा तो शाळेचा, जेवणाचा आणि निवाऱ्याचा, हाती घेतलेला शैक्षणिक टप्पा संपेपर्यंत. आणि तेवढेही झेपत नसेल, तर दहा मुलांना एका वर्षाचा शब्द देण्यापेक्षा पाच मुलांना पुरता शब्द द्यावा. भांडवल पाहूनच सौदे करावेत, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

येथे हा विषय या मासिकाच्या घरांपर्यंत येऊन पोहोचतो. शाळा-महाविद्यालयांच्या विश्वस्त मंडळांवर व्यापारी कुटुंबांतील माणसे बसतात. वडिलांच्या स्मरणार्थ खेळाडूला शिष्यवृत्ती, क्रीडांगणाला देणगी, संघाला गणवेश अशा गोष्टी याच घरांतून होतात. धनादेश देताना छायाचित्र काढले जाते; अटींचा कागद मात्र कोणी वाचीत नाही. देणाऱ्याने तो वाचावा, आणि नसेल तर लिहवून घ्यावा. त्यात फार काही लागत नाही. मूल्यमापन कोणत्या मापाने आणि केव्हा होणार, हे प्रवेशाच्याच दिवशी मुलाला व पालकांना मराठीत लेखी द्यावे. दुखापतीचा काळ मूल्यमापनात धरू नये आणि सरावात झालेल्या दुखापतीचा उपचार संस्थेने पुरा करावा. कमी करण्याचा निर्णय एकट्या प्रशिक्षकाने घेऊ नये. मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि त्याला एक फेरचाचणी मिळावी. निर्णय काहीही झाला, तरी तो इतर शाळांतील प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी कळवावा. आणि चालू शैक्षणिक टप्पा पूर्ण होईपर्यंत शिक्षण व निवास थांबवू नये. खाशाबांना जे महाराजांच्या कृपेने मिळाले, ते सोनाळ्याच्या मुलीला नियमाने मिळावे, एवढाच याचा अर्थ.

घरोघरच्या पालकांनीही एक सावधगिरी बाळगावी. आपल्या मुलाला किंवा नात्यातील कोणाला परदेशी विद्यापीठात खेळाच्या शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळत असेल, तर रक्कम किती यापेक्षा ती किती वर्षांची आणि कोणत्या कारणांनी थांबू शकते, हे आधी विचारावे. प्रशिक्षकाच्या तोंडी आश्वासनाला संस्थेच्या सहीची जोड आहे काय, ते पाहावे. प्रशिक्षक बदलतो, सही राहते.

त्या मुलीकडे शेवटी परत यावे. गुडघ्याला पट्टा बांधून ती सुटीत गावी आली आहे. वडिलांच्या खात्यावर बुटांची रक्कम अजून उभी आहे. दुकानदार तिचा तगादा करीत नाही. पीक बुडाले तर पुढच्या हंगामापर्यंत थांबायचे, हे त्याच्या घरात आजोबांपासून चालत आलेले आहे. ज्याने काही लेखी दिले नव्हते तो दुकानदार तिच्यासाठी थांबला आहे. ज्या संस्थेने निवडपत्र दिले, तिने निदान तेवढे तरी थांबावे.